मुद्गल खाली ठेवताना

गुरुपौर्णिमेच्या सकाळी वस्ताद गणपतरावांनी आखाड्यातल्या हौद्याच्या कडेला खुर्ची मागवली, तिच्यावर बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यंदापासून दसऱ्याचा मुद्गल धनाजी फिरवेल."

धनाजी म्हणजे मी. वय एकाहत्तर. बडोद्यात जन्मलो, गोरव्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून हात काळे केले आणि आता हरणीला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. आखाडा मात्र जुन्या गल्लीतलाच. रोज पहाटे स्कूटर काढून तिथे जातो.

आमच्या आखाड्यात दसऱ्याला शस्त्रपूजा झाली की सगळ्यांत जुना माणूस लाल मातीच्या हौद्यात उतरतो. मारुतीसमोर ठेवलेला साडेसात किलोचा शिसवी मुद्गल उजव्या हाताने उचलतो आणि पाठीमागून अकरा वेळा फिरवतो. अकरावा फेरा झाला की मुद्गल मातीत टाकून द्यायचा. त्याचा धप्प आवाज झाला की मगच बाकीच्यांनी आपापल्या साधनांना हात लावायचा. तोवर साध्या डंबेललाही कुणी शिवत नाही. हा मान बावीस वर्षं वस्तादांकडे होता. आता ते शहाऐंशीचे झाले आणि खांदा ऐकेना, म्हणून तो माझ्याकडे आला.

त्यात दोन अटी. नवरात्राचे नऊ दिवस आखाड्याला खाडा नाही, आणि दसऱ्याला अकरा म्हणजे अकरा. त्यात कमी पडलं तर मान पुढच्या माणसाकडे जातो. पुढचा माणूस म्हणजे बाळकृष्ण. तो माझ्यापेक्षा चार महिन्यांनी धाकटा. हे चार महिने त्याला आयुष्यभर सलत आलेत.

"अभिनंदन," तो मला म्हणाला. "हात सांभाळ हो. या वयात हात काय, कधीही दगा देतो."

"तुझा देत असेल. आमचे पणजोबा फौजेत होते."

"आणि आमचे दफ्तरात. फौजेतल्यांची हजेरी आमच्याकडेच लागायची."

बाळकृष्णाशी बोलताना नेहमी असंच होतं. शेवटचा शब्द त्याचा.

त्या दिवसापासून मी सरावाला लागलो. अकरा फिरवायचे होते, म्हणून मी एकशे दहा फिरवायला लागलो. यात मला काही चुकीचं वाटलं नाही. आमच्या आखाड्याची रीतच तशी आहे. वस्तादांनी पन्नास बैठका सांगितल्या आणि पोरगं पन्नास मारून थांबलं तर ते आळशी. शंभर मारणारा शिष्य. सांगितलेला आकडा म्हणजे नुसतं दार, आत किती जायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. मला अक्षरं फार उशिरा आली, पण आकडे लहानपणापासून पक्के आहेत, ते या मातीतच पक्के झाले.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी चहाची बशी तोंडाशी नेताना उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला अशी कळ आली की बशी नाचली आणि चहा धोतरावर.

"अहो, बशी का नाचवताय?" विजयमाला म्हणाली. ही माझी बायको.

"गरम होता."

थोड्या वेळाने ती लोणच्याची बरणी माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "झाकण उघडून द्या जरा."

मी डावा हात पुढे केला.

"उजवा कुठंय? माहेरी गेलाय का?"

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिच्यापासून काहीच लपवू शकलेलो नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला बडोद्यातच, अकोट्याला, शलाकाच्या दवाखान्यात नेलं. शलाका माझ्या कारखान्यातल्या जुन्या सोबत्याची लेक. हातापायांचे व्यायाम शिकवून दुखणी बरी करते. बाहेर बसलेली माणसं तिला शलाकाबेन म्हणतात आणि ती त्यांच्याशी घडाघडा गुजरातीत बोलते. माझ्याशी मात्र मराठीत.

तिने माझं कोपर धरलं, अंगठ्याने एक जागा दाबली आणि मी खुर्चीतून उठलो.

"इथेच ना? टेनिस एल्बो आहे, काका."

"टेनिस? पोरी, टेनिसचा बॉल मी गल्लीतल्या क्रिकेटात पाहिला तेवढाच."

"खेळणाऱ्यांपेक्षा न खेळणाऱ्यांनाच जास्त होतो तो. रंगारी, सुतार, पोळ्या लाटणाऱ्या बायका."

"बघा," विजयमाला म्हणाली. "पोळ्या मी लाटल्या, आणि दुखणंही यांनीच घेतलं. मला म्हणून काही ठेवायचं नाही."

शलाकाने कोपराच्या खाली बांधायला एक पट्टा दिला. मग मला टेबलावर हात ठेवून बसवलं, पंजा टेबलाबाहेर, तळवा खाली. हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली दिली.

"बाटली वर न्यायची डाव्या हाताने. आणि खाली उतरवायची फक्त उजव्याने. हळूहळू, चार मोजत. एक, दोन, तीन, चार. मग पुन्हा डाव्याने वर."

"आणि उजव्याने उचलायची कधी?"

"उचलायचीच नाही."

"मग यात व्यायाम कुठे आहे? आखाड्यात उचललेलं मोजतात. खाली काय, दगडसुद्धा येतो."

"दगड धप्पदिशी येतो, काका. तुमचा हात दगड नाही. उतरवतानाच तो बरा होणार आहे. दिवसातून दोनदा, पंधरा वेळा करा. आणि दंड, मुद्गल, स्कूटर बंद."

"मुद्गल बंद?" माझा आवाज चढला. मी तिला दसऱ्याचं सगळं सांगितलं, अकरा फेरे, नवरात्राची हजेरी, चार महिन्यांनी धाकटा बाळकृष्ण. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"नऊ आठवडे आहेत," ती म्हणाली. "ऐकलंत तर होईल. आखाड्यात जा, पण हाताला सोडून बाकी अंगाची मेहनत करा. पाय तुमचे, कोपर माझं."

मला ही वाटणी पटली. स्कूटर सोडून मी पहाटेची पहिली शटल, म्हणजे शेअर रिक्षा, धरायला लागलो. आखाड्यात बैठका मारायच्या, हौदा उकरणं दुसऱ्यावर सोपवायचं, हलका मुद्गल डाव्या हाताने फिरवायचा. पण आखाड्यात अंगावर बंडीसुद्धा नसते, मग कोपराचा पट्टा लपवायचा कसा? मी त्याच्यावर लाल फडकं गुंडाळलं.

"हे काय?" बाळकृष्णाने पहिल्याच दिवशी विचारलं.

"नवस आहे मारुतीचा."

"कसला?"

"सांगितला तर फळत नाही."

आठवड्याभरात आणखी दोघांनी कोपराला लाल फडकी बांधली. त्यांचे नवस कसले होते ते मी विचारलं नाही. मारुतीच्या देखत खोटं बोललो याची बोचणी लागून राहिली होती, म्हणून शनिवारी नारळ फोडला. तोही डाव्या हाताने.

घरी मी बाटली उतरवत होतो. आणि पंधरा सांगितले म्हणजे... पुढे सांगायला नको. दोन आठवड्यांनी कोपर पहिल्यापेक्षा जास्त दुखायला लागलं.

"किती केलेत?" शलाकाने विचारलं.

"तू सांगितलेस तेवढेच. वर थोडे."

"थोडे म्हणजे?"

"दीडशे," विजयमाला म्हणाली. "सकाळचे. संध्याकाळचे मी मोजले नाहीत, मला भाजी निवडायची होती."

शलाकाने पेन खाली ठेवलं. मी तिला आखाड्याची रीत समजावली, दाराची आणि आत जाण्याची. ती हसली नाही. यंत्राचा बिघाड कुठे आहे ते कळल्यावर मी यंत्राकडे बघायचो, तशी माझ्याकडे बघत राहिली.

"बरं," ती म्हणाली. "आता तीन करा."

"तीन? अगं, लहान मूलसुद्धा..."

"तीन, काका. त्यापेक्षा एकही जास्त नाही. शब्द द्या."

मी शब्द दिला. पण घरी आल्यावर तीनच करून थांबायला मनाला इतकं खटकायला लागलं की मी तिच्या आधीच्या आकड्यावर, पंधरावर गेलो. शब्दाला शब्द राहिला आणि रीतीला रीत, असं मनाला सांगितलं. गंमत म्हणजे कोपर सुधारायला लागलं. दर आठवड्याला ती विचारायची, "तीनच ना?" आणि मी तोंड सरळ ठेवून म्हणायचो, "तीनच." ती म्हणायची, "छान." तिच्या चेहऱ्यावरही तेव्हा काही हलायचं नाही.

गणपती गेले. मी बशी उजव्या हाताने उचलायला लागलो, बरणीचं झाकण उघडायला लागलो. आणि ज्याची भीती होती तेच मी केलं. एका पहाटे कुणी आलं नव्हतं तेव्हा मोठा मुद्गल उचलला आणि पंचवीस फेरे फिरवले. फिरवताना काही झालं नाही. रिक्षात बसताना दांडी धरली आणि डोळ्यांपुढे काजवे.

दसऱ्याला चार आठवडे उरले होते. त्या संध्याकाळी मी परत आखाड्यात गेलो आणि मारुतीपुढे उभा राहिलो. म्हटलं, बजरंगा, आता ती पोरगी सांगेल तो आकडा. तीन म्हणाली तर तीन. चौथा केला तर मुद्गलाचा मान मला लाभू नये.

हे मी कुणाला सांगितलं नाही. शलाकाला सांगायचं म्हणजे आधीचं खोटं कबूल करायचं. आणि विजयमालेला सांगितलेलं शलाकाला कळायला वेळ लागत नाही.

पुढच्या खेपेला तिने विचारलं, "तीनच ना?"

मी म्हणालो, "तीनच." आयुष्यात पहिल्यांदा ते खरं होतं, आणि ऐकायला आधीसारखंच वाटलं.

मग बाटली जाऊन हलका मुद्गल आला. तिनाचे चार झाले, चाराचे पाच. मी पाच म्हणजे पाचच करत होतो. एक, दोन, तीन, चार मोजत उतरवायचं आणि उठायचं. सुरुवातीला चोरी केल्यासारखं वाटायचं. मग त्या उतरवण्यातच मन लागायला लागलं. पन्नास वर्षं मी वजन वर नेत आलो, ते खाली येताना हाताला काय सांगतं ते कधी ऐकलंच नव्हतं.

एकदा शलाकाने माझी मूठ आवळून बघितली आणि कपाळाला आठी घातली. "ताकद वाढायला हवी तितकी वाढत नाहीये. असं कसं?" मग स्वतःशीच म्हणाली, "असो. दुखत नाहीये ना, मग ठीक."

नवरात्र बसलं. गल्लीगल्लीत गरब्याचे मांडव, पोरं पहाटे झोपायला निघालेली आणि मी आखाड्याला. नऊ दिवस एक खाडा नाही. बाळकृष्णही रोज हजर, माझ्याही आधी. हौद्याच्या कडेला उभा राहून माझ्या बैठका बघायचा.

"हल्ली पायांवरच फार माया आहे तुझी."

"पायांवरच उभं राहायचं असतं, बाळू."

"मुद्गल पायाने फिरवणार आहेस?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शलाकाकडे गेलो. तिने आमच्या मुद्गलाइतक्या वजनाचा, मूठ असलेला एक गोळा माझ्या हातात दिला, फिरवायला लावला, कोपर दाबून बघितलं, पुन्हा फिरवायला लावला.

"उद्या सात," ती म्हणाली.

"अकरा लागतात. मी पहिल्याच दिवशी सांगितलंय."

"आठवतंय मला. सात. आठवा नाही. समजलं?"

"पोरी, सातवर थांबलो तर मान बाळकृष्णाकडे जाईल."

"काका," ती अगदी माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "मी सांगते तो आकडा सात."

परतताना शटल विश्वामित्री नदीच्या पुलावर अडकली. खाली काठावर नेहमीप्रमाणे एक मगर ऊन खात पडली होती. तिला कोपरं होती, पण कुणी तिला आकडा सांगितला नव्हता. मला फार हेवा वाटला.

दसऱ्याला पहाटे आखाडा झेंडूने सजला होता. तलवारी, भाले, मुद्गल, डंबेल, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. कोपऱ्यावरच्या फाफडा-जलेबीच्या दुकानासमोर रांग लागली होती, तिथला तेलाचा वास थेट मारुतीपर्यंत येत होता. वस्ताद हौद्याच्या कडेला खुर्चीवर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. ते मोजतात ते नेहमी डोळे मिटूनच. सगळे आपापल्या साधनापाशी वाकून उभे राहिले, हात बोटभर वर.

मी लाल फडकं सोडलं. पट्टा उघडा पडला. बाळकृष्णाने तो बघितला, माझ्याकडे बघितलं आणि त्याच्या सगळं लक्षात आलं. पण देवासमोर बोलायची सोय नव्हती.

मुद्गल उचलला.

एक. पाठीमागून खांद्यावर आला. दोन. तीन. घाम फुटला, पण कळ नाही. चार. पाच. आखाड्यात मुद्गलाचा वारा तेवढा ऐकू येत होता. सहा.

सात.

मुद्गल खांद्याशी उभा होता आणि हात दुखत नव्हता. खरी पंचाईत तीच होती. दुखला असता तर सोपं होतं. चार फेरे, फार तर दहा सेकंद, आणि मान माझा. शलाका अकोट्यात होती, तिला काय कळणार? पण मारुती चार हातांवर होता, आणि त्याच्या देखत माझं एकदा खोटं बोलून झालं होतं.

मी मुद्गल उतरवायला लागलो. टाकला नाही. टाकायचं हाताला आठवलंच नाही. नऊ आठवडे ज्या हाताला उतरवायचंच शिकवलं होतं तो हळूहळू खाली आला, आणि माझ्या तोंडून सवयीने आकडे बाहेर पडले. एक. दोन. तीन. चार. मुद्गलाचं बूड मातीला टेकलं, आणि आवाज काही आला नाही.

कुणी हलेना. सगळे वाकलेले. धप्प आवाज आला नव्हता, मग सुरुवात कशी करायची? एकाची पाठ कुरकुरली ती सगळ्यांनी ऐकली.

"झालं?" वस्तादांनी डोळे न उघडता विचारलं.

"झालं, वस्ताद. पण सातच झाले. कोपर दुखत होतं दोन महिने. शिकवणारीने सातच सांगितले." एवढं बोलून मी मान खाली घातली. "मान बाळकृष्णाला द्या."

बाळकृष्ण सरळ झाला. वस्तादांनी डोळे उघडले.

"मला मोजता येतं रे. सात फिरवलेस, चार उतरवलेस. सात आणि चार किती?"



"वस्ताद," बाळकृष्ण पुढे आला, "हे नियमात बसत नाही. उतरवणं आपण कधी मोजलंय?"

"मोजलं नाही, म्हणून तर माझा खांदा गेला," वस्ताद म्हणाले. "बावीस वर्षं टाकत आलो. तू दफ्तर नको काढूस, बाळू. मुद्गल उचल आणि त्याच्यासारखा उतरवून दाखव. जमलं तर मान तुझा."

बाळकृष्णाने धोतर खोचलं. मुद्गल झोकात उचलला, खांद्याशी आणला आणि उतरवायला लागला. "एक," तो म्हणाला. "दो—"

धप्प!

तो आवाज झाला आणि सगळा आखाडा सुटला. कुणी डंबेलवर, कुणी जोरला, कुणी लेझीम घेऊन. इतका वेळ वाकून उभी राहिलेली माणसं, ती कुणाची वाट बघतात! "बजरंगबली की" झालं, "जय" झालं, आणि दसरा सुरू झाला. हौद्याच्या मधोमध बाळकृष्ण कोपर चोळत उभा.

"सुरुवात तर माझ्याच आवाजाने झाली," तो मला म्हणाला. शेवटचा शब्द त्याचा.

"झाली बाबा," मी म्हटलं, आणि त्याला फाफड्याच्या रांगेत माझ्यापुढे उभं केलं.

संध्याकाळी मी आणि विजयमाला सोनं द्यायला शलाकाच्या घरी गेलो. आपट्याची पानं तिच्या हातात ठेवली. तिने आधी कोपर दाबलं, मग नमस्कार केला.

"कसे झाले अकरा?"

"अकरा कुठले? सात. तू सांगितलेस तेवढेच."

"खरंच सात?"

"मारुतीची शपथ. गेले चार आठवडे तू सांगशील तेवढेच करतोय. तीन म्हणजे तीन, पाच म्हणजे पाच."

शलाकाने कपाळावर हात मारला. "अहो काका! तुम्ही तिनाचे पंधरा करता हे धरून मी तीन सांगत होते! तरीच ताकद वाढत नव्हती. आणि कालचे सात? सात सांगितले की तुम्ही अकरा करणार आणि अकराला थांबणार, म्हणून सात सांगितले. हात तपासूनच सांगितले होते. अकरा सहज झेपले असते तुम्हाला!"

विजयमाला सोफ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिला पाणी आणून द्यावं लागलं. पेला मीच आणला, उजव्या हाताने, आणि तिच्यापुढे अलगद ठेवला.

शलाका आता पुढचा व्यायाम लिहून देत होती. "रोज दहा करा," ती म्हणाली.

मी चिठ्ठी हातात घेतली आणि तिला विचारलं, "हे दहा तुझे आहेत की माझे?"